झडप अरुंद असते तेव्हा कप्पा बघायचा

विसाव्या आठवड्यात पोटातल्या लेकराचं अख्खं हृदय जेमतेम दोन सेंटिमीटरचं असतं. डाव्या कप्प्यातून महाधमनी जिथे निघते, तिथली झडप तीन मिलिमीटरच्या आसपास, ज्वारीच्या दाण्याएवढी. ती अरुंद असल्याची शंका आली की सगळ्यांचं लक्ष झडपेवरच खिळतं, तपासणाऱ्याचंही आणि घरच्यांचंही. गर्भाच्या हृदयाची तपासणी रोज करताना आम्हाला मात्र पुन्हा पुन्हा दिसतं ते असं, की झडप किती अरुंद आहे यापेक्षा तिच्यामागचा डावा कप्पा काय करतोय, यावर लेकराचं पुढचं सगळं ठरतं. ती तपासणी आम्ही कशी करतो, कुठे फसगत होते आणि हाती आलेल्या आकड्यांचं पुढे काय करायचं, ते इथे लिहीत आहोत.

मराठवाड्यात पहिली अडचण मशीनची नसते, तारखेची असते. ही तपासणी १८ ते २२ आठवड्यांत व्हावी. बीड, धाराशिव, परभणीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. श्रावण-भाद्रपदात दिवस गेलेल्या बाईचा पाचवा महिना थेट फडात जातो. ती गावी परतते तेव्हा सातवा-आठवा चालू असतो. त्या वेळी दोष दिसतो, पण करण्यासारखं बरंच काही हातातून गेलेलं असतं. म्हणून नोंदणीच्या वेळीच आशाताईंनी शेवटच्या पाळीची तारीख धरून पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा दिवस काढून द्यावा. आणि तो हंगामात येत असेल तर कारखान्याच्या जवळ कुठे करायची हेही त्याच कागदावर लिहावं.

तपासणीला येताना उपाशी यायचं नाही. खेड्यातून पहाटेच्या एसटीने निघालेल्या बायका ‘सोनोग्राफी आहे’ म्हणून चहासुद्धा न घेता येतात. या महिन्यात उपाशी राहण्याची गरज नाही, लघवी तुंबवून ठेवण्याचीही नाही. तपासणी पाऊण तास ते दीड तास चालू शकते आणि उपाशी बाईला पाठीवर झोपवलं की चक्कर येते. तिला थोडं डाव्या कुशीवर कलतं झोपवायचं, पाठीखाली उशी द्यायची. सोबत सगळ्यात पहिली सोनोग्राफी आणावी, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातली. कारण पुढचं प्रत्येक माप आठवड्यांवर बसवायचं असतं. पाळीची तारीख दोन आठवड्यांनी चुकली तर चांगला कप्पा लहान ठरतो आणि आजारी कप्पा बरोबर.

गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचा एफ फॉर्म भरून, सही घेऊनच प्रोब लावायचा. गर्भाचं लिंग विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही, ते भिंतीवर लिहिलेलं असतंच. मग काही प्रश्न. लग्न नात्यात झालंय का? आपल्याकडे मामा-भाचीचं, आत्या-मामाच्या लेकराचं लग्न अजूनही होतं आणि अशा जोडप्यांत जन्मजात हृदयदोषाचं प्रमाण जास्त दिसतं. आधीचं लेकरू जन्मल्यावर आठवड्याभरात निळं-पांढरं पडून गेलं का? आईला साखर, ल्युपस, सांध्यांचा आजार? आई-वडिलांपैकी कुणाच्या हृदयात ‘मर्मर’, म्हणजे ठोक्यांखेरीज जास्तीचा आवाज, ऐकू आल्याचं कुणी सांगितलंय? महाधमनीची झडप तीनऐवजी दोनच पाकळ्यांची असणं हे शंभरात एक-दोघांत आढळतं आणि ते घराण्यात उतरतं.

मशीन लावताना सगळ्यात महत्त्वाचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं मिळतात ते. गर्भाचा ठोका मिनिटाला १२० ते १६० असतो. चित्रं सेकंदाला ८० च्या खाली गेली की आकुंचनाचा नेमका क्षण हातून निसटतो. चौकट अरुंद करायची, खोली कमी करायची, हृदय पडद्यावर मोठं घ्यायचं. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, बेताचा ठेवायचा, कारण तो वाढवला की निरोगी कप्प्याचं अस्तरही पांढरं दिसतं आणि उगाच घाबरगुंडी उडते. लेकराची पाठ वर असेल तर फासळ्यांची सावली हृदयावर पडते. अशा वेळी दाबून-दाबून बघण्यात अर्थ नाही. बाईला वीस मिनिटं व्हरांड्यात चालायला सांगायचं, काही खायला द्यायचं आणि कुस बदलून परत बघायचं.

आधी जठर कुठल्या बाजूला आहे ते, मग चार कप्प्यांचं चित्र. हृदयाने छातीची साधारण एक तृतीयांश जागा व्यापलेली असावी आणि त्याचं टोक डावीकडे ४५ अंशांच्या आसपास झुकलेलं असावं. दोन्ही खालचे कप्पे या वयात साधारण सारख्या रुंदीचे असतात. झडप फार अरुंद असेल तर डावा कप्पा गोल फुगलेला दिसतो, टोकही त्याचंच. आणि तो हलत नाही. उजवा कप्पा शेजारी लपलप करत असतो, डावा मात्र भिंतीला टेकून बसल्यासारखा. नीट निरखलं तर त्याच्या आतल्या बाजूला खडूने ओढल्यासारखी पांढरी किनार दिसते, विशेषतः झडपेला धरणाऱ्या स्नायूंच्या गाठींपाशी. हे अस्तर तंतुमय झालेलं असतं. बंद दाराशी जोर लावून-लावून स्नायूला रक्त कमी पडतं, त्याची ही खूण. एकदा ती किनार पूर्ण फिरली की कप्प्याची लवचिकता जाते.

इथे एक खुलासा हवाच. कप्प्यात सुटा, एकच पांढरा ठिपका दिसणं वेगळं. तो ठिपका स्नायूच्या गाठीवर असतो, हृदय छान हलत असतं आणि बाकी सगळं नीट असेल तर हृदयाच्या दृष्टीने त्याला काही महत्त्व नाही. ‘हृदयात डाग आहे’ एवढंच ऐकून कितीतरी घरं महिनाभर झोपत नाहीत. आणि पांढरं अस्तर दिसलं पण झडप मोकळी असेल, तर आईच्या रक्तात अँटी-रो प्रतिपिंडं आहेत का ते तपासायचं. त्यानेही असंच अस्तर होतं, ठोके मंदावू शकतात आणि उपचाराची वाट सगळी वेगळी असते.

मग झडप. निरोगी झडपेच्या पाकळ्या उघडल्या की भिंतीला चिकटतात, दिसेनाशा होतात. अरुंद झडपेच्या पाकळ्या जाड, चमकदार असतात आणि उघडताना घुमटासारख्या फुगतात, मध्ये छोटंसं भोक. रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारा कलर डॉपलर लावला की त्या भोकातून मिसळलेल्या रंगांची बारीक धार निघताना दिसते. तिच्यावर पल्स किंवा कंटिन्युअस डॉपलर ठेवून वेग मोजायचा. धारेच्या आणि डॉपलरच्या रेषेतला कोन २० अंशांच्या आत ठेवायचा. ३० अंशांना वेग सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसतो, ६० अंशांना अर्धाच. मशीनमध्ये कोन दुरुस्तीचं बटण आहे म्हणून वेडावाकडा कोन घ्यायचा, असं करू नये. प्रोब पोटावर सरकवावा, कोन आपोआप सुधारतो.

विसाव्या आठवड्यात महाधमनीतला वेग सेकंदाला साधारण ६० ते १०० सेंटिमीटर असतो. दोन मीटरच्या वर गेला तर अडथळा नक्की. वेगाचा वर्ग करून चारने गुणलं की झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मिळतो: अडीच मीटर वेग म्हणजे २५ मिलिमीटर पारा. इथवर हिशोब सरळ आहे आणि इथेच मोठी चूक होते.

दाबातला फरक तयार करायला कप्प्यात जोर लागतो. कप्पा थकला की वेग पडतो. म्हणजे २० व्या आठवड्यात अडीच मीटर असलेला वेग २४ व्या आठवड्यात दीड मीटर झाला, तर झडप सैल झाली असं नव्हे, स्नायू हरला. रिपोर्टवर ‘वेग कमी झाला, सुधारणा’ असं लिहिलं जातं तेव्हा आमच्या पोटात कालवतं, कारण घरचे ते वाचून पुढची तारीख चुकवतात. वेगाचा आकडा कधीही एकटा लिहू नये. त्याच ओळीत कप्पा किती आकुंचन पावतो ते यायलाच हवं.

ते मोजायचं कसं? सगळ्यात जुनी पद्धत एम-मोडची, म्हणजे एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारी. कप्पा पूर्ण भरलेला असताना रुंदी, पूर्ण आकसलेला असताना रुंदी आणि दोन्हीतल्या फरकाची टक्केवारी. ६.५ मिलिमीटरचा कप्पा ४.४ वर येतो, म्हणजे ३२ टक्के. हे निरोगी, २८ च्या वर असायला हवं. फुगलेला कप्पा १० वरून ८.८ वर येतो, म्हणजे १२ टक्के. माप घेताना खूण ०.३ मिलिमीटर सरकली तरी उत्तरात चार-पाच टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून तीन ठोक्यांची सरासरी घ्यायची. रेषा दोन्ही भिंतींना काटकोनात जायला हवी, तिरकी गेली तर कप्पा खोटाच मोठा दिसतो.

रुंदीचं आकुंचन टिकून असतानाच लांबीचं आकुंचन आधी बिघडतं, हे आम्हाला फार उपयोगी पडतं. कप्प्याच्या आतल्या थरातले तंतू लांबीच्या दिशेने असतात आणि रक्ताची पहिली टंचाई त्याच थराला भासते. म्हणून मायट्रल, म्हणजे डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधल्या, झडपेच्या कडेवर एम-मोडची रेषा टाकून ती कडा ठोक्यागणिक टोकाकडे किती सरकते ते बघायचं. पाचव्या महिन्यात ती काही मिलिमीटरच सरकते, पण उजव्या बाजूच्या कडेशी ताडून पाहिलं की फरक डोळ्यांनाच कळतो: उजवी उसळते, डावी जागची हलत नाही. स्नायूच्या हालचालीचा वेग मोजणारा टिश्यू डॉपलर असेल तर हाच फरक वेगात मिळतो.

टाय इंडेक्स हे आणखी एक माप. मायट्रल आणि महाधमनी या दोन्ही झडपा बंद असतानाचा वेळ भागिले रक्त बाहेर पडण्याचा वेळ. निरोगी गर्भात तो ०.३५ ते ०.४० च्या घरात असतो. एकाच डॉपलर चौकटीत दोन्ही झडपांच्या उघडण्या-मिटण्याच्या टकटकी दिसाव्या लागतात, पडद्यावर रेघ सरकण्याचा वेग भरपूर ठेवावा लागतो. अरुंद झडपेत मात्र तो जपून वापरायचा. अडथळ्यामुळे रक्त बाहेर पडण्याचा वेळच लांबतो, भागाकार लहान येतो आणि आजारी कप्पा कागदावर बरा दिसतो.

मायट्रल झडप गळत असेल तर तिच्या धारेचा वेग मोजायलाच हवा. ती धार डाव्या कप्प्याचा दाब सांगते. चार मीटर वेग म्हणजे ६४ मिलिमीटरचा फरक, याचा अर्थ स्नायूत अजून ताकद आहे. गळतीची धार मंद आणि कप्पा फुगलेला असेल तर ती वाईट खूण. गळती जोरात आहे हे ऐकून घरचे घाबरतात. त्यांना हे उलगडून सांगावं लागतं.

एवढं झालं की मग रक्त कुठल्या दिशेने जातंय ते बघायचं. आमच्या मते हा तपासणीचा गाभा आहे. गर्भात वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातल्या भोकातून रक्त उजवीकडून डावीकडे जातं. डावा कप्पा ताठर झाला की ते उलटं वळतं. मायट्रलमधून रक्त भरताना एरवी दोन शिखरं दिसतात, इथे एकच बुटकं शिखर उरतं आणि भरण्याचा वेळ आखडतो. तिसरी जागा गळ्याजवळची. तीन रक्तवाहिन्यांच्या चित्रात महाधमनीची कमान आणि डक्टस (फुफ्फुसाच्या धमनीला महाधमनीशी जोडणारी, जन्मानंतर मिटणारी नळी) हे दोन्ही एकाच रंगाचे, इंग्रजी व्हीसारखे एकत्र येताना दिसायला हवेत. जड आजारात व्हीचा एक पाय निळा आणि दुसरा लाल दिसतो: डाव्या कप्प्यातून पुरेसं रक्त येत नाही म्हणून डक्टसमधून उजव्या कप्प्याचं रक्त कमानीत उलटं चढून मेंदूला जातंय. या तिन्ही दिशा उलटल्या असतील आणि कप्पाही हलत नसेल, तर तो कप्पा जन्मापर्यंत वाढणार नाही, डावं हृदय खुरटण्याकडे ही वाट जाते.

कारण कप्पा वाढतो तो रक्ताच्या वाहण्याने. पाण्याची धार वळवली की पाट सुकतो, तसं. २० व्या आठवड्यात फुगलेला डावा कप्पा २६ व्या आठवड्यात उजव्याएवढा दिसतो आणि पाहणारा म्हणतो, ‘आकार नॉर्मल झाला.’ प्रत्यक्षात त्याची वाढ थांबली आणि उजवा पुढे निघून गेला. ३२ व्या आठवड्यात तो फटीएवढा राहतो. म्हणून एकच तपासणी पुरत नाही. दर दोन आठवड्यांनी, शक्यतो त्याच माणसाच्या हातून, तीच मापं घ्यायची आणि सरासरीपासूनचं अंतर म्हणजे झेड-स्कोर एकाखाली एक लिहायचा.

फुफ्फुसातून येणाऱ्या शिरा राहूनच जातात बऱ्याचदा. पडद्यातलं भोक लहान असेल तर डाव्या वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं आणि त्या शिरांमधली लाट पुढे-मागे हेलकावे खाते. ही खूण असलेलं लेकरू जन्मल्यानंतर काही तासांतच संकटात येतं. प्रसूती कुठे करायची हे यावरूनच ठरतं.

हे सगळं सांगायला बसलं की सोबतची आजी हमखास म्हणते, “लेकरू तर चांगलं हालायलंय की, ठोकाबी लागायलाय. मग दोष कसा?” प्रश्न अगदी रास्त आहे. पोटात फुफ्फुसांचं काम वार करते आणि डाव्या कप्प्याचं काम उजवा उचलतो. डक्टस उघडा असतो तोवर अंगाला रक्त कमी पडत नाही. लेकरू वाढतं, लाथा मारतं, हातातल्या डॉपलरवर ठोके १४० लागतात. ठोक्यांच्या संख्येवरून झडपेचं काहीच कळत नाही. नाळ कापली, डक्टस मिटायला लागला, की मग सगळा भार त्या थकलेल्या कप्प्यावर पडतो. कागदावर चार चौकोन काढून, बाण दाखवून हे समजावलं तर आजीला लगेच कळतं. नुसतं ‘हृदयाला प्रॉब्लेम आहे’ म्हणून सोडू नये. कुणाचा दोष, कुणाचं ग्रहण, कुणी काय खाल्लं हे बोलणं घरात सुरू होण्याआधीच थांबवायचं. या झडपेला आईच्या वागण्याने काही झालेलं नसतं, आणि हे वाक्य सासूसमोर, नवऱ्यासमोर, स्पष्ट शब्दांत म्हणायचं.

मग पर्याय. २०२१ च्या सुधारित कायद्यानुसार २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ नंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. निर्णय त्या जोडप्याचा. आमचं काम त्यांना पूर्ण माहिती देण्याचं आणि वेळ हातात असताना देण्याचं.

काही मोजक्या गर्भांत पोटातच झडप फुगवता येते. आईच्या पोटातून, गर्भाशयातून, लेकराच्या छातीतून डाव्या कप्प्याच्या टोकाशी सुई घालतात, तिच्यातून बारीक तार झडपेपलीकडे सरकवतात आणि तारेवरून फुगा, एरवी मोठ्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी वापरतात तो. फुगा झडपेच्या रुंदीएवढा किंवा थोडा मोठा. आधी लेकराच्या मांडीत भूल आणि स्नायू सैल करणारं औषध टोचतात. ठोके मंदावणं, हृदयाभोवती रक्त साचणं आणि गर्भ दगावणं हे धोके खरे आहेत. लंडनच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये याचा पहिला वृत्तांत छापला. बॉस्टनमध्ये २००० पासून हे नियमित होऊ लागलं. २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये द्राक्षाएवढ्या हृदयात फुगा घातल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. ती वाचून लोक विचारतात, म्हणून सांगतो: हे त्याच लेकरांसाठी, ज्यांचा कप्पा अजून पुरेसा मोठा आहे आणि दाब निर्माण करतोय. खुरटलेल्या कप्प्याची झडप उघडून उपयोग नाही. वर लिहिलेली मापं वेळेत घेतली तरच निवड करता येते.

जन्माची तयारी आठव्या महिन्यातच करायची. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज इथे मोडावा लागतो. जिथे लहान मुलांचे हृदयतज्ज्ञ आणि कॅथलॅब (रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयावर उपचार करायची खोली) आहे अशा शहरात, तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी मुक्काम हलवायचा. नांदेड, हिंगोलीकडच्यांना हैदराबाद, लातूर-धाराशिवकडच्यांना पुणे किंवा सोलापूरमार्गे पुढे, हे अंतर पोटात लेकरू असताना पार करणं सोपं. जन्मलेलं लेकरू १०८ च्या गाडीत नेणं फार अवघड.

तरीही बाळंतपण अचानक जवळच झालं तर डक्टस उघडा ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन हाताशी हवं. ५०० मायक्रोग्रॅमची एक कुपी ५० मिलीत मिसळली की एका मिलीत १० मायक्रोग्रॅम होतात. तीन किलोच्या लेकराला किलोमागे मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅम या मात्रेने ताशी ०.९ मिली पंपावर बसतात. डक्टस अजून उघडाच असेल तर ०.०१ ते ०.०२ पुरते, मात्रा बालरोगतज्ज्ञच ठरवतील. कुपी फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत. भारनियमनात बंद पडलेल्या फ्रीजमधली कुपी भरवशाची नाही. या औषधाने श्वास थांबू शकतो, म्हणून नळी घालता येणारा माणूस गाडीत हवा. आणि दोन शिरांत सुया लावलेल्या हव्यात. औषधाचा परिणाम मिनिटांत ओसरतो. खड्ड्यात गाडी आदळून एकुलती एक सुई निघाली तर डक्टस मिटू लागतो. निळसर दिसतं म्हणून भसाभस ऑक्सिजन लावू नये, त्याने फुफ्फुसांकडे जास्त रक्त ओढलं जातं आणि अंगाला कमी पडतं.

सोबत जी चिठ्ठी जाते तिच्यात ‘झडप अरुंद’ एवढंच नको. शेवटच्या तीन तपासण्यांचे वेग, आकुंचनाची टक्केवारी, झडपेची आणि कप्प्याची रुंदी, पडद्यातल्या भोकाची आणि कमानीतल्या रक्ताची दिशा, शिरांमधली लाट. तिथल्या माणसाला हे वाचून पहिल्या तासातच कळतं की फुग्याची तयारी करायची की मोठ्या शस्त्रक्रियेची. उपचाराच्या खर्चासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची विचारपूस सातव्या महिन्यातच करून ठेवावी, रेशनकार्ड-आधारवरची नावं जुळवायलाच आठवडे जातात.

लेकराचं काय झालं ते झालं, तरी आई, वडील आणि आधीच्या भावंडांची साधी इको करून घ्यावी. दोन पाकळ्यांची झडप अनेकदा अशीच सापडते. पुढच्या वेळी दिवस राहिले की १८ व्या आठवड्याची तारीख पहिल्याच भेटीत कॅलेंडरवर खूण करून घ्यावी. ती तारीख फडात येणार असेल तर मुकादमाकडून उचल घेण्याआधीच घरात ठरवावं, त्या आठवड्यात कोयता कोण धरणार आणि तिला घेऊन तपासणीला कोण येणार.